प्रोसेसरचा आकडा उड्या मारतो, तो बिघाड नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एप्रिल लागला की नाशिकमधल्या संगणक दुरुस्तीच्या दुकानांत एकच तक्रार पुन्हा पुन्हा येते. 'नुसता ब्राउझर उघडला तरी प्रोसेसर ४५ वरून ६८ अंशांवर जातो, लगेच ५० वर येतो, पुन्हा ६५. मशीन जळणार तर नाही ना?' या धास्तीने चांगल्या चालत्या संगणकांचे कूलर बदलले जातात, दर दोन महिन्यांनी प्रोसेसर आणि कूलरच्या मधली पेस्ट लावून घेतली जाते, कधी कधी तर मदरबोर्डही बदलला जातो. दुसऱ्या बाजूला, ज्यांच्या हीट सिंकची (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्याची) एक पिन खरोखरच सुटलेली असते त्यांना 'उन्हाळा आहे, चालायचंच' असे सांगून परत पाठवले जाते. दोन्हीकडे चूक एकच आहे. आकडा तेवढा बघितला जातो. तो किती सेकंद टिकला, तेव्हा किती वॅट खर्च होत होते आणि खोलीत किती ऊन तापले होते, हे कोणी विचारत नाही. या विषयावर थोडे सविस्तर लिहीत आहोत. जागा द्यावी, ही विनंती.

सुरुवात आकडा कुठून येतो येथून करू. प्रोसेसर म्हणून आपल्याला दिसतो तो चकचकीत चौकोन म्हणजे वरचे धातूचे झाकण. खरा प्रोसेसर त्याच्या खाली असतो: सिलिकॉनचा एक पातळ तुकडा, ज्याला या धंद्यात 'डाय' म्हणतात. १५० चौरस मिलिमीटर क्षेत्रफळाची आणि पाऊण मिलिमीटर जाडीची डाय धरली, तर तिचे वजन जेमतेम पाव ग्रॅम भरते. एवढ्याशा सिलिकॉनला एका अंशाने तापवायला ०.२ ज्यूल उष्णता पुरते. २० वॅट म्हणजे सेकंदाला २० ज्यूल. उष्णतेला बाहेर जायला वाटच नसती, तर २० वॅटने ही डाय एका सेकंदात १०० अंशांनी तापली असती. आता तिच्यावर बसवलेला ३०० ग्रॅमचा ॲल्युमिनियमचा हीट सिंक घ्या. त्याला एक अंश वर चढायला सुमारे २७० ज्यूल लागतात, म्हणजे डायच्या हजार पटींहून अधिक. जाड बिडाचा तवा तापायला वेळ घेतो आणि गॅस बंद केल्यावरही गरम राहतो. चिमट्यात धरलेली पत्र्याची पातळ पट्टी ज्योतीवर येताच लाल होते आणि बाजूला घेताच निवते. हीट सिंक हा तवा आहे, डाय ही पत्र्याची पट्टी आहे, आणि आपल्याला पडद्यावर दिसणारा आकडा पट्टीचा असतो.

पूर्वी असे नव्हते. जुन्या मदरबोर्डांवर सॉकेटच्या, म्हणजे प्रोसेसर बसतो त्या खाचेच्या, मधोमध एक छोटा थर्मिस्टर असे. तो प्रोसेसरच्या पोटाखालचे तापमान सांगे, आणि ते सावकाश बदले. साधारण २००६ पासून इंटेलने डायच्याच आत डिजिटल सेन्सर बसवायला सुरुवात केली, आणि आज प्रत्येक कोअरच्या, म्हणजे प्रोसेसरमधल्या स्वतंत्रपणे काम करणाऱ्या विभागाच्या, तापणाऱ्या भागाजवळ असे सेन्सर असतात. त्यामुळे जी उडी पूर्वीही पडतच होती, ती आता दिसू लागली आहे. वीस वर्षे संगणक हाताळलेल्या माणसांना आजचा आकडा चंचल वाटतो, त्याचे एक मोठे कारण हेच.

दुसरे कारण विजेच्या हिशेबात आहे. प्रोसेसरच्या कामात खर्च होणारी वीज क्लॉकच्या (कामाच्या वेगाच्या) पटीत वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. रिकामा बसलेला कोअर १ गिगाहर्ट्झ आणि ०.७ व्होल्टवर चालत असेल आणि काम येताच तो ४.४ गिगाहर्ट्झ आणि १.३ व्होल्टवर गेला, तर क्लॉक ४.४ पट झाला आणि व्होल्टेजचा वर्ग जवळपास साडेतीन पट. गुणाकार १५ पटींच्या आसपास जातो. ही वाढ मिलिसेकंदांत होते. तीही पसरून होत नाही. एका कोअरची जागा असते काही चौरस मिलिमीटर, तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढी. दुकानातली २५ वॅटची सोल्डरिंग आयर्न आठवा. तेवढीच वीज टोकाशी एकवटली की १८३ अंशांवर वितळणारे शिसे-कथिलाचे सोल्डर पाण्यासारखे वाहू लागते. प्रोसेसरच्या एका कोअरमध्ये त्याच मापाची वीज त्याहून लहान जागेत ओतली जाते, आणि तरीही तो ७० अंशांवर थांबतो, तो केवळ वरच्या तांब्या-ॲल्युमिनियमने उष्णता ओढून घेतल्यामुळे.

मग एवढा वेग घ्यायचाच कशाला, असा प्रश्न साहजिक आहे. काम झटक्यात संपवून कोअरला झोपवणे हे रेंगाळत काम करण्यापेक्षा बहुतेक वेळा फायद्याचे पडते, म्हणून. सातबाऱ्याची पीडीएफ उघडली, टॅलीत एखादा अहवाल काढला, वर्तमानपत्राचे जाहिरातींनी भरलेले पान उघडले, की प्रोसेसर अर्धा-एक सेकंद पूर्ण वेगाने धावतो आणि मग कोअरचा वीजपुरवठा जवळजवळ तोडून पडून राहतो. इंटेलने टर्बो ही थोडा वेळ जास्त वेगाने धावण्याची सोय २००८ च्या अखेरीस पहिल्या कोअर आय-सेव्हनबरोबर आणली. त्यानंतर प्रत्येक पिढीत ती अधिक धीट होत गेली. आय-फाइव्ह १२४०० या साध्या ऑफिसच्या प्रोसेसरवर ६५ वॅट लिहिलेले असते, पण टर्बोत त्याला ११७ वॅटपर्यंत जाण्याची मुभा आहे. लॅपटॉपमधला आय-फाइव्ह १२३५ यू हा १५ वॅटचा म्हणून विकला जातो आणि क्षणभर ५५ वॅट घेऊ शकतो. ही मुभा किती वेळ, तेही ठरलेले असते. बहुधा २८ किंवा ५६ सेकंद. म्हणून जड काम सुरू केल्यावर अर्ध्या-पाऊण मिनिटात आकडा आपोआप खाली आलेला दिसतो. डेस्कटॉपच्या बऱ्याच मदरबोर्डांत मात्र कारखान्यातूनच ही मर्यादा उठवलेली असते. तेथे आकडा वर जातो तो वरच राहतो. अशा वेळी दोष कूलरला देण्याआधी बायोसमध्ये (संगणक सुरू होताना उघडणाऱ्या सेटिंगच्या पडद्यावर) पॉवर लिमिट, म्हणजे हीच वॅटची मर्यादा, तपासावे.

आपण काहीच करत नसताना आकडा का हलतो? कारण आपण काही करत नसलो तरी विंडोज करत असते. अपडेट उतरवणे, डिफेंडर या व्हायरसरोधकाची तपासणी, फाइलींची सूची बनवणे ही कामे नेमकी आपण हात आवरल्यावर सुरू होतात. तशीच त्यांची रचना आहे. संगणक सुरू केल्यावरची पहिली १० ते १५ मिनिटे या बाबतीत सर्वांत गडबडीची, त्या वेळचे आकडे धरूच नयेत. आणखी एक गोष्ट फारशी कोणी लक्षात घेत नाही: तापमान दाखवणारा प्रोग्राम स्वतः दर काही क्षणांनी झोपलेल्या कोअरना उठवून विचारतो. अर्ध्या सेकंदाला एकदा विचारणारे दोन-तीन प्रोग्राम एकाच वेळी चालू ठेवले, तर मोजणीनेच आकडा वर राहतो. एकच प्रोग्राम ठेवावा आणि दोन सेकंदांचे अंतर पुरे.

कोणता आकडा वाचायचा, यातही गोंधळ असतो. एचडब्ल्यूइन्फो हा तापमान दाखवणारा प्रोग्राम उघडला की तापमानाच्या वीस ओळी दिसतात. 'सीपीयू पॅकेज' ही ओळ त्या क्षणी सर्वांत तापलेल्या जागेचा आकडा दाखवते. आठ कोअरपैकी सात थंड आणि एक धावत असला, तर पॅकेज त्या एकाचा आकडा सांगते. पुढच्या क्षणी काम दुसऱ्या कोअरकडे गेले की आकडा पुन्हा हलतो. मदरबोर्डच्या नावाखाली असणारी 'सीपीयू' ही ओळ बहुधा सावकाश हलणारी असते. दोन्हींत १०-१५ अंशांचा फरक दिसला तर सेन्सर खराब झाला असे नसते. एएमडीच्या सुरुवातीच्या रायझन १७०० एक्स आणि १८०० एक्समध्ये तर फॅनच्या हिशेबासाठी कंपनीनेच खऱ्या तापमानात २० अंश मिळवलेले आहेत. ते यंत्र आजही कुठे चालू असेल तर ६० दिसताना डाय ४० वर असते. बायोसच्या पडद्यावर दिसणारा ४५-५० चा आकडा बघूनही लोक घाबरतात. बायोसमध्ये असताना वीजबचतीच्या सोयी पुरत्या कामाला लागलेल्या नसतात, म्हणून तेथे आकडा विंडोजच्या रिकाम्या पडद्यापेक्षा जास्तच दिसतो.

आता आपल्या गावाचा भाग. हीट सिंक कितीही मोठा असो, तो खोलीच्या हवेपेक्षा थंड होऊ शकत नाही, आणि खोलीचे तापमान जितक्या अंशांनी चढते साधारण तितक्याच अंशांनी प्रोसेसरही चढतो. डायपासून हवेपर्यंतच्या सगळ्या वाटेचा अडथळा दर वॅटला ०.६ अंश धरू. साध्या कूलरला हा आकडा योग्य आहे. ६० वॅटचे काम चालू असेल तर प्रोसेसर खोलीपेक्षा ३६ अंश वर राहील. डिसेंबरमध्ये निफाड गारठलेले असते तेव्हा १५ अंशांच्या खोलीत तो ५१ दाखवेल. मे महिन्यात सातपूर किंवा अंबडच्या पत्र्याच्या शेडमध्ये, जेथे दुपारी आत ४० अंश सहज होतात, तोच संगणक त्याच कामाला ७६ दाखवेल. यंत्रात काहीही बदललेले नाही. नाशिकला उन्हाळ्यातही पहाट बऱ्यापैकी गार असते आणि दुपार चाळिशीला टेकते, त्यामुळे एका दिवसातसुद्धा सकाळी आठ आणि दुपारी तीनच्या आकड्यांत १५ अंशांचा फरक पडू शकतो. सकाळी सर्व्हिसिंग करून 'बघा, तापमान किती उतरले' असे दुकानदाराने दाखवले आणि दुपारी घरी आकडा पुन्हा चढला, यात दोघांपैकी कोणी खोटे नसते. जाता जाता: नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. हवा मुंबईपेक्षा सहा-सात टक्के विरळ, म्हणजे फॅनने ढकललेली हवा तेवढी कमी उष्णता नेते. एक-दोन अंशांचा फरक, मनावर घेण्यासारखा नाही. पण मुंबईच्या मित्राच्या यंत्राशी आकडे ताडून बघणाऱ्यांनी तो ध्यानात ठेवावा.

थोडक्यात, उडी हा दोष नाही. दोष शोधायचा तर आलेखाचा आकार बघायला शिकले पाहिजे, आणि ते कोणालाही जमण्यासारखे आहे. सिमेंटच्या भिंतीवर टांगतो तसला साधा थर्मामीटर कॅबिनेटच्या पुढच्या जाळीजवळ ठेवा. संगणक सुरू करून १५ मिनिटे तसाच राहू द्या. मग एचडब्ल्यूइन्फोमध्ये पॅकेजचे तापमान, पॅकेजचे वॅट आणि कोअरचा क्लॉक या तीन ओळींवर दोनदा टिचकी मारून त्यांचे आलेख उघडा. आता पूर्ण भार टाका. सिनेबेंच आर-२३ या प्रोसेसर तपासण्याच्या प्रोग्रामची नेहमीची चाचणी १० मिनिटांची असते, ती चांगली. इंटरनेट मंद असेल तर सेव्हन-झिप या छोट्या प्रोग्रामच्या टूल्स यादीतले बेंचमार्कही चालते. १० मिनिटे झाली की भार थांबवा आणि आणखी ५ मिनिटे आलेख बघत राहा.

या आलेखात दोन वेगळ्या हालचाली दिसतील. भार पडताच पहिल्या एक-दोन सेकंदांतली उभी चढण म्हणजे डाय आणि हीट सिंक यांच्यामधला अडथळा: झाकण, पेस्ट आणि बसवणूक. त्यानंतरची सावकाश, मिनिटे घेणारी चढण म्हणजे हीट सिंक आणि हवा यांच्यामधला अडथळा: फॅन, धूळ, कॅबिनेटमधली हवा. थांबवतानाही तेच उलटे दिसते, आधी उभी घसरण आणि मग हळू उतार. ६५ वॅटच्या डेस्कटॉपला १५ ते २५ अंशांची उभी चढण नेहमीची आहे. भार टाकल्याबरोबर दोन सेकंदांत ४५ वरून ९५-१०० वर गेला आणि हीट सिंकला हात लावला तर तो कोमटसुद्धा नाही, तर उष्णता वरपर्यंत पोचतच नाही. पेस्ट किंवा बसवणूक बघा. उलट पहिली चढण माफक, पण दहाव्या मिनिटालाही आकडा वर सरकतोच आहे, हीट सिंक हाताला चटका देतो आणि भार थांबवल्यावर पाच मिनिटांनीही आकडा पूर्वस्थितीला येत नाही, तर नवी पेस्ट लावून उपयोग नाही. तेथे धूळ आणि फॅन बघा. मग कॅबिनेटचे बाजूचे झाकण काढून हीच चाचणी पुन्हा करा. झाकण काढताच पाच-सात अंशांहून अधिक फरक पडला, तर प्रोसेसरवरचा कूलर ठीक आहे, कॅबिनेटमध्ये गरम हवा कोंडते आहे. १२० मिलिमीटरचा एक फॅन मागे हवा बाहेर फेकणारा आणि एक पुढे आत घेणारा, एवढ्यावर हे बहुधा मिटते.

एकच आकडा बघायचा असेल तर तापमानाऐवजी क्लॉक बघा, असा आमचा आग्रह आहे. बहुतेक इंटेल प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० अंश, रायझन ५८०० एक्सची ९०, रायझन ७००० मालिकेतल्या बहुतेकांची ९५. मर्यादा गाठली की प्रोसेसर स्वतःच क्लॉक आणि व्होल्टेज उतरवतो; त्याहूनही वर गेला तर यंत्र बंद होते. रायझन ७००० तर जड कामात ९५ ला टेकून चालण्यासाठीच बनवलेला आहे. म्हणून पूर्ण भारावर टर्बो हवा तितका मिळत नसेल तर तो कूलर लहान असल्याचा किंवा पॉवर लिमिटचा परिणाम. पण वीज आणि बायोसच्या मर्यादा जागच्या जागी असताना क्लॉक खोक्यावर लिहिलेल्या मूळ वेगाच्याही खाली जात असेल आणि तापमान मर्यादेला चिकटलेले असेल, तर तो बिघाड आहे आणि मशीन उघडलेच पाहिजे.

उघडल्यावर सर्वांत जास्त सापडणारा दोष सांगतो: इंटेलच्या खोक्यात मिळणाऱ्या कूलरची सुटलेली पिन. चार प्लॅस्टिकच्या पिना असतात, त्यांतली एक अर्धवट बसली की हीट सिंक एका कोपऱ्याने उचलला जातो. डोळ्यांना तो सरळच दिसतो. बसवण्याआधी प्रत्येक पिनचे डोके वरच्या बाणाच्या उलट दिशेला पूर्ण फिरवून घ्यावे, काळी दांडी वर ओढलेली असावी, मग तिरक्या समोरासमोरच्या दोन पिना एकाच वेळी दाबाव्यात आणि नंतर उरलेल्या दोन. प्रत्येक पिनचा 'टक्' असा आवाज यायला हवा. नंतर मदरबोर्डच्या मागून बघावे: पांढऱ्या फाट्यांच्या मधून काळी दांडी पूर्ण बाहेर आलेली दिसली पाहिजे. बोर्ड कॅबिनेटमध्येच ठेवून हे काम करताना बोर्ड वाकतो आणि पिन बसल्याचा भास होतो, म्हणून जमल्यास बोर्ड बाहेर काढून करावे. स्क्रूचा कूलर असेल तर एक स्क्रू पूर्ण आवळून दुसऱ्याकडे जाऊ नये. तिरक्या जोडीने, दोन-दोन फेरे देत, चारही सारखे आवळत न्यावेत. आणि नव्या कूलरच्या तळाला चिकटवलेला पारदर्शक कागद काढला की नाही ते बघावे. हसण्यावारी नेऊ नका, हा दोष अजूनही सापडतो.

पेस्टबद्दल गैरसमज फार. तिचे काम फक्त दोन धातूंमधल्या बारीक खाचा भरणे. ती स्वतः धातूपेक्षा कितीतरी कमी उष्णता वाहते, म्हणून जाड थर म्हणजे नुकसान. डेस्कटॉपच्या साधारण आकाराच्या प्रोसेसरला मधोमध मटाराच्या लहान दाण्याएवढी पुरे. दाबाने ती पसरते. जुनी पेस्ट ९९ टक्क्यांच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने आणि धागे न सुटणाऱ्या कापडाने दोन्ही बाजूंनी पूर्ण पुसावी. पाणी मिसळलेले सॅनिटायझर वापरू नये. चांगली पेस्ट डेस्कटॉपवर तीन-चार वर्षे बिनतक्रार टिकते. दर दोन महिन्यांनी ती बदलण्यात काही अर्थ नाही, उलट प्रत्येक वेळी पिना ढिल्या होतात. लिक्विड मेटल नावाने मिळणाऱ्या पेस्टमध्ये गॅलियम असते, ते ॲल्युमिनियमचा हीट सिंक खाऊन टाकते आणि त्यातून वीजही वाहते. घरच्या घरी त्याच्या वाटेला जाऊ नये. एएमडीच्या एएम-४ सॉकेटला आणखी एक सावधगिरी हवी. जुनी पेस्ट घट्ट झालेली असते आणि कूलर सरळ वर ओढला की प्रोसेसरही लॉक लागलेल्या सॉकेटमधून पिनांसकट उपटून येतो. आधी १० मिनिटे संगणक भाराने चालवून पेस्ट मऊ करावी, बंद करून वायर काढावी आणि कूलर डावी-उजवीकडे हलकेच फिरवत सोडवावा.

धूळ हा नाशिकचा सध्याचा मोठा विषय आहे. सिंहस्थाच्या तयारीसाठी ठिकठिकाणी रस्ते उकरलेले आहेत आणि ती माती घरांत, दुकानांत येते आहे. अंबड-सातपूरच्या कारखान्यांत यापेक्षा वाईट प्रकार म्हणजे लेथ आणि सीएनसीच्या कूलंटचा तेलकट धूर. तो हीट सिंकच्या फिनांवर, म्हणजे पातळ पत्र्यांवर, बसतो आणि त्यावर चिकटलेली धूळ ब्लोअरने हलत नाही. तेथे हीट सिंक काढून, फॅन वेगळा करून, अल्कोहोल आणि ब्रशनेच साफ करावा लागतो. लासलगाव-पिंपळगावकडे कांद्याच्या पापुद्र्यांचा भुगा जाळीवर बसतो. अशा जागी कॅबिनेट जमिनीवर न ठेवता फूटभर उंच ठेवावे आणि पुढच्या जाळीला धुता येईल असा फिल्टर लावावा, दर आठवड्याला झटकावा. ब्लोअर मारताना फॅनचे पाते बोटाने किंवा काडीने धरून ठेवावे. हवेच्या झोताने फॅन भलत्या वेगाने फिरला की त्याचे बेअरिंग जाते. घरातल्या पाण्याच्या कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर नको. खोलीचे तापमान उतरते हे खरे, पण ओली हवा आणि धूळ यांचा फिनांवर चिखल होतो, आणि तो सुकला की खरवडावाच लागतो.

लॅपटॉपची गोष्ट वेगळी, कारण त्याचा हीट सिंक लहान आणि अनेकांत ग्राफिक्सची चिपही त्याच तांब्याच्या नळ्यांना जोडलेली. तेथे आकडा डेस्कटॉपपेक्षा उंच उडणार आणि भाराखाली ९५ ला लागणार, हे गृहीतच धरावे. फॅन आणि फिनांच्या मधे धुळीची नमद्यासारखी घट्ट पट्टी जमते. बाहेरून ब्लोअर मारला तर ती सुटून पुन्हा फॅनमध्येच जाऊन पडते. मागचे झाकण उघडून ती चिमट्याने काढावी. वर धातूचे झाकण नसलेल्या उघड्या डायवरची पेस्ट गरम-थंड होण्याच्या फेऱ्यांत हळूहळू बाजूला ढकलली जाते, म्हणून लॅपटॉपची पेस्ट डेस्कटॉपपेक्षा आधी संपते. आणि गादी-उशीवर लॅपटॉप ठेवला की खालची हवा बंद होते. घरात पाट असतो, त्याच्यासारखे चांगले स्टँड नाही.

आकड्याच्या उड्यांचा एकच उपद्रव खरा आहे: फॅनचा आवाज. आकडा उडाला की फॅन ओरडतो, खाली आला की गप्प होतो, असे मिनिटात दहा वेळा. यावर नवा कूलर घेणे हा उपाय नाही. मोठा वॉटर कूलर घेतला तरी डायची उभी उडी जवळपास तेवढीच राहते, फक्त मागचा सावकाश भाग लांबतो. बायोसच्या फॅनच्या पानावर जा. ६० ते ६५ अंशांपर्यंत फॅनचा वेग ४० टक्क्यांवर सपाट ठेवा, तेथून ८५ अंशांपर्यंत सरळ चढण द्या. स्टेप अप आणि स्टेप डाउनचा, म्हणजे फॅनचा वेग चढवण्या-उतरवण्याआधी थांबण्याचा, वेळ तीन ते पाच सेकंद करा, म्हणजे क्षणभराच्या उडीला फॅन दाद देणार नाही. हीट सिंक तेवढ्या वेळात एक अंशानेही नीट तापत नाही, त्यामुळे यात धोका काही नाही. वेग थोडा कमी चालणार असेल, उदाहरणार्थ बिलिंगच्या किंवा सेवा केंद्राच्या संगणकाला, तर विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये प्रगत सेटिंगखाली 'मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट' १०० वरून ९९ करावे. बहुतेक यंत्रांवर टर्बो तेवढ्याने बंद होतो आणि आकडा १०-२० अंशांनी शांत होतो. काही नव्या लॅपटॉपवर ही ओळ दिसत नाही. ज्यांनी 'हाय परफॉर्मन्स' प्लॅन निवडून ठेवला आहे त्यांनी तो आधी 'बॅलन्स्ड' करावा, कारण त्या प्लॅनमध्ये किमान वेगही १०० टक्के धरलेला असतो.

शेवटी, शाळा, बँका, पतसंस्था आणि शासकीय कार्यालये यांच्यासाठी एक सूचना. त्यांचे संगणक वार्षिक देखभालीच्या करारावर असतात आणि सर्व्हिसिंगच्या कागदावर 'क्लीनिंग केले, पेस्ट लावली' एवढेच लिहिलेले असते. करारात एक ओळ वाढवून घ्यावी: प्रत्येक यंत्रासाठी सर्व्हिसिंगच्या आधी आणि नंतर, १० मिनिटांच्या पूर्ण भारानंतरचे तापमान, वॅट आणि क्लॉक लिहावेत, आणि त्या वेळचे खोलीचे तापमान शेजारी लिहावे. मे महिन्यातला ७६ आणि डिसेंबरमधला ५१ हे आकडे, त्यातून खोलीचे ४० आणि १५ वजा केले की, दोन्ही ३६ येतात. तो ३६ पुढच्या वर्षी ४८ झाला, तर आधी कागदावरचे वॅट बघावेत. वॅट तेवढेच असतील तर यंत्र उघडायची वेळ झाली. तोवर हात लावू नये.

आपले,
संगणक देखभाल-दुरुस्तीच्या कामातील काही तंत्रज्ञ, नाशिक